पांढरा पडलेला ॲनिमोन: आधी तोंड बघा, मग पाणी, औषध सगळ्यात शेवटी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बबल टिप ॲनिमोन (तळाच्या पायाने दगडाला धरून राहणारा समुद्री प्राणी, तोंडाभोवती टेंटॅकल्स म्हणजे बोटांसारखे दंश करणारे हात) आणून अकरा दिवस झाले. आणला तेव्हा दुधासारखा पांढरा, टोकं गुलाबी, बघत राहावं असा. आता दिवसातून दोन-तीनदा लिंबाएवढा आकसतो, तोंड अर्धवट उघडं राहतं, तपकिरी धागे बाहेर टाकतो. टँक 200 लिटरचा, चार महिन्यांचा, त्यात दोन क्लाउनफिश (ॲनिमोनमध्ये घर करणारे मासे). रोज कोळंबीचा तुकडा देताय आणि तो दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा बाहेर येतोय. दोनदा जागा बदलून पाहिलीत. आणि आता विचारताय, औषध कोणतं घालू?

आजपासून तीन दिवस त्याला हात लावू नका, खायला घालू नका आणि पाण्यात कुठलीही बाटली ओतू नका. हे वाचून तुम्हाला वाटेल, डोळ्यांदेखत मरू द्यायचा का? नाही. मी सतरा वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळते आहे. माझ्या हातून गेलेले पहिले दोन्ही ॲनिमोन आजारापेक्षा माझ्या धावपळीनेच गेले. पहिल्याला मी आठवड्यात तीन जागा दाखवल्या. दुसऱ्याला 'अशक्त झालाय' म्हणून माशाचे मोठे तुकडे भरवले. आजारी ॲनिमोनला सगळ्यात जास्त गरज असते ती कुणी न हलवण्याची.

आधी तो वाचण्याच्या अवस्थेत आहे का ते बघू. हे तोंड आणि पाय सांगतात. निरोगी ॲनिमोनचं तोंड नाडी ओढून बांधलेल्या पिशवीसारखं घट्ट मिटलेलं असतं, मध्ये फक्त एक बारीक चीर दिसते. तोंड सैल पडून आतल्या फिकट घड्या दिसायला लागल्या की तो त्रासात आहे, पण आशा पुष्कळ आहे. आतला भाग उलट्या केलेल्या पिशवीसारखा बाहेर आला आणि तासन् तास आत गेला नाही, तर परिस्थिती गंभीर. आता पाय: तो दगडाला धरून असेल तर माझा अर्धा जीव भांड्यात पडतो. पाय सोडून तरंगणारा ॲनिमोनही वाचतो, पण पाय फाटला असेल तर वाचण्याची शक्यता फार कमी होते. म्हणून विकत घेतानासुद्धा आधी पाय बघावा, रंग नंतर.

तिसरी गोष्ट चिकटपणा. प्लॅस्टिकच्या पिपेटचं टोक एका टेंटॅकलला हलकेच टेकवा. ते चिकटलं, तर दंशपेशी अजून काम करताहेत. हे एकदाच करा. रोज टोचून बघायचं नाही.

आणि वास. टँकमधून बाहेर काढलेल्या थोड्या पाण्याला कुजल्याचा वास येत असेल, अंगाचे चिंध्यांसारखे तुकडे सुटून प्रवाहात जात असतील, तर तो मेला आहे किंवा मरतो आहे. अशा वेळी एक तासही थांबू नका. ॲनिमोनला सांगाडा नाही, सगळं अंग पाण्याने फुगवलेलं, त्यामुळे तो विरघळतो तो फार वेगाने, आणि 200 लिटरमध्ये त्यातून सुटणारा अमोनिया माशांनाही घेऊन जातो. वाडगं खाली धरून पाण्यातच उचला, चिंध्या सायफनने ओढून घ्या, फिल्टरमधला कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) बदला, पाणी बदला. तुमच्या वर्णनात हे काही नाही. पाय दगडाला आहे असं तुम्ही लिहिलंय, तोंड अर्धवट उघडं आहे. म्हणजे काम करण्यासारखं बरंच आहे.

आकसणं हा मात्र स्वतः आजार नाही. ॲनिमोनला एकच दार असतं. अन्न तिथूनच आत, घाण तिथूनच बाहेर. जुनं पाणी टाकून नवं भरून घ्यायला तो मधूनमधून पूर्ण रिकामा होतो आणि तेव्हा मरायला टेकल्यासारखा दिसतो. खाल्ल्यावर आकसतो, रात्री आकसतो. काही तासांत पुन्हा फुलला तर चिंता नको. चोवीस तास उलटूनही लोळागोळा होऊन पडला असेल तर चिंता करा. टेंटॅकल्सच्या टोकांचे फुगे जाऊन ती लांबट झाली, यावरून तर काहीच ठरत नाही. धडधाकट बबल टिपही वर्षानुवर्षं फुग्यांशिवाय राहतात. एखाद्या सकाळी तोंडापासून कडेपर्यंत चीर गेलेली दिसली तरी घाबरून जाऊ नका, तो दोन होत असेल. पण इतक्या अशक्त अवस्थेतलं विभाजन बहुधा ताणाचं असतं, म्हणून पाणी लगेच तपासा.

तुमच्या बाबतीत खरी गोष्ट रंगाची आहे, आणि ती सांगताना मला वाईट वाटतंय. तो आणलात तेव्हाच आजारी होता. बबल टिपच्या अंगात झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाल राहते. प्रकाशातून ती साखर बनवते आणि त्यातला मोठा वाटा ॲनिमोनला मिळतो. या शैवालाचा रंग तपकिरी. म्हणून निरोगी ॲनिमोन हिरवा असो की लाल, त्याच्या अंगात खालून एक तपकिरी झाक असतेच. गुलाबी टोकं ही ॲनिमोनची स्वतःची रंगद्रव्यं, ती शैवाल गेल्यावरही उरतात. दुधी पांढरं अंग आणि उठून दिसणारी गुलाबी टोकं म्हणजे घरातली चूल विझलेली आहे. प्रवासातला काळोख, उष्णता, दुकानातल्या टाकीतला अपुरा उजेड, कारण काहीही असेल. आता उरलंसुरलं शैवालही तो तपकिरी धाग्यांतून बाहेर टाकतोय. (एकदाच पडलेला तपकिरी गोळा ही साधी विष्ठा असते. रोज, दिवे प्रखर असताना पडणारे धागे ही वेगळी गोष्ट.)

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो: शैवाल गेलं, शैवालाला प्रकाश लागतो, म्हणून दिवे वाढवतो. नेमकं उलटं करायचं आहे. शैवाल भरपूर असतं तेव्हा ते प्रकाश शोषून घेतं आणि एकमेकांवर सावलीही धरतं. थोड्याशाच पेशी उरल्या की प्रत्येकीवर झेपणार नाही एवढा प्रकाश पडतो, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, आणि ॲनिमोन त्यांच्यापासून सुटका करून घ्यायला त्या पेशीच बाहेर फेकतो. म्हणून उजेड कमी करा. पार मीटर (PAR, म्हणजे शैवालाच्या कामी येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) मिळाला तर ॲनिमोनच्या जागी 50 ते 80 मिळेल इतका, आणि पुढच्या चार-सहा आठवड्यांत हळूहळू 150 ते 200 पर्यंत. मीटर नसेल तर आत्ता जी तीव्रता आहे तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणा आणि दर आठवड्याला थोडीशी वाढवा. दिव्यांची वेळ आठ तास पुरे. तो स्वतःच सांगतो: भर दुपारी मिटतो आणि दिवे मंदावले की फुलतो, तर अजून जास्त होतंय, टेंटॅकल्स ताणून दिव्याकडे झेपावत असेल तर पुढची पायरी चढा.

आता पाणी. पहिली तपासणी क्षारतेची, कारण ॲनिमोनला शरीरातलं मीठ-पाणी वेगळं राखता येत नाही. बाहेर जे, तेच आत. मासा थोडा चढउतार मूत्रपिंडांवर आणि कल्ल्यांवर निभावून नेतो, ॲनिमोन नेऊ शकत नाही. 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) हवी, म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास. तुमचं 1.023 आहे असं लिहिलंय, पण ते कशावर मोजलं? हलत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा बसला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून क्षारता मोजणारं साधन) घ्या आणि तो 35 पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून उपयोग नाही, वरचा आकडा तरीही चुकू शकतो. खरंच कमी निघालं तर एका दिवसात ओढू नका. रोजचं बाष्पीभवन भरून काढताना साध्या पाण्याऐवजी खारं पाणी घालत आठवडाभरात वर आणा. त्यानंतर मात्र रोज त्याच वेळी गोडं आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं शुद्ध) पाणी घाला, किंवा सरळ ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा. तीन दिवसांनी एकदम बादलीभर ओतणं हा 200 लिटरमध्ये ॲनिमोनला बसलेला धक्काच असतो.

तापमान 25 ते 26 अंश. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, यात तडजोड नाही. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम असू द्या. 'शून्य आहे, म्हणजे छान' असं तुम्ही लिहिलंय, पण अंगात शैवाल परत वाढायला हवं असेल तर त्यालाही नायट्रोजन लागतं. पूर्ण शून्य पाण्यात पांढरा ॲनिमोन पांढराच राहिलेला मी पाहिलाय. अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) 8 डीकेएच असो की 9, रोज तीच राहू द्या. पीएचच्या मागे धावू नका. कार्बन आजच घाला आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदला, विशेषतः टँकमध्ये लेदर कोरलसारखे मऊ प्रवाळ असतील तर, कारण ते पाण्यात रसायनं सोडतात. आणि एक प्रश्न तुम्हाला स्वतःलाच विचारा: हा टँक किंवा यातले दगड आधी कुणी वापरले होते का, माशांच्या औषधासाठी त्यात कधी तांबं घातलं होतं का? दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. माशांना काही होत नाही, ॲनिमोन मात्र टिकत नाही. तशी शंका असेल तर पॉली-फिल्टर (पाण्यातली अशुद्धी शोषणारी गादी) लावा. तांबं शोषलं की तो निळसर होतो.

पाणी बदलायचं ते आठवड्यातून दोनदा दहा-दहा टक्के, आदल्या दिवशी मिसळून ठेवलेलं, क्षारता आणि तापमान जुळवलेलं. घाबरून अर्धा टँक बदलू नका.

स्वच्छ आणि स्थिर पाण्यात हा प्राणी किती जगू शकतो याचा एक जुना दाखला आहे. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकांनी 1828 मध्ये किनाऱ्यावरून एक लाल ॲनिमोन आणला आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवला. ते स्वतः 1851 मध्ये गेले. ॲनिमोन पुढच्या सांभाळणाऱ्यांकडे जगत राहिला आणि 1887 मध्ये मेला. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणत. ना पंप, ना स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फक्त कुणीतरी न चुकता पाणी बदलत राहिलं. त्या जातीच्या अंगात शैवाल नसतं, त्यामुळे तिला दिव्यांची गरज नव्हती, तुमच्याला आहे. बाकीचं तेच.

जागेचं म्हणाल तर आत्ता जिथे पाय धरलाय तिथेच राहू द्या, मग ती जागा तुम्हाला कोपऱ्यातली वाटो की कुरूप. बबल टिपला पाय खोबणीत, काळोखात रुतवायला आवडतो आणि तोंड उजेडाकडे. स्वतः हलला तर हलू द्या, फक्त वाटेत मृत्यू ठेवू नका: प्रत्येक पॉवरहेडच्या (प्रवाह देणाऱ्या पंपाच्या) जाळीवर आणि ओव्हरफ्लोवर (पाणी बाहेर जायच्या तोंडावर) जाड स्पंज आजच बांधा. एका रात्री मी हे 'उद्या करते' म्हणून ठेवलं होतं. सकाळी पंपाच्या फटींतून टेंटॅकल्सचे तुकडे लोंबत होते आणि पाणी दुधाळ झालं होतं. तो दिवस मी विसरलेले नाही.

पाय सुटून तो भरकटायला लागलाच, तर भोकांची प्लॅस्टिकची टोपली घ्या, तळाशी एक खडबडीत दगड, वर जाळीचं झाकण, आणि मंद प्रवाहात टँकमध्येच ठेवा. दोन-तीन दिवसांत तो बहुधा दगड धरतो. मग टोपली न हलवता दगडासकट राहू द्या. कधी नाइलाजाने पाय सोडवावाच लागला तर ओढू नका. दगडाच्या मागच्या बाजूला, पायाजवळ, पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा धरा, तो स्वतःच सैल पडतो. पण तुम्हाला आत्ता हे करायचं नाही.

क्लाउनफिशना मात्र दूर ठेवायचंच आहे. निरोगी ॲनिमोनला त्यांच्या घासण्याचा, पंख हलवण्याचा फायदा होतो, पाणी खेळतं राहतं, त्यांच्या मलमूत्रातून नायट्रोजनही मिळतं. आजाऱ्याला ते आकसूनच ठेवतात, शिवाय तोंडातला घास पळवतात. तुमचा ॲनिमोन दगडाला धरून आहे, तेव्हा तीच टोपली उलटी करून त्याच्यावर घुमटासारखी बसवा, भोकं उजेड आणि प्रवाह जाईल एवढी मोठी, मासा जाणार नाही एवढी लहान. मासे बाहेर घुटमळतील, त्यांचीही दया येईल. तरी महिनाभर तरी काढू नका.

आता खाणं, कारण तुमची खरी धडपड तिथेच आहे. शैवाल नसताना बाहेरचं अन्नच त्याला जगवणार, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कोळंबीचा आख्खा तुकडा पचवायला जी ताकद लागते तीच त्याच्याकडे नाही. न पचलेलं मांस पोटात कुजतं, मग तो ते ओकतो, आणि ओकण्यात उरलेली शक्ती जाते. म्हणून तीन दिवस उपास. चौथ्या दिवशी, तोंड मिटलेलं असेल तरच, मायसिस श्रिंपचे (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे) गोठवलेले दाणे टँकच्या पाण्यात वितळवून धुऊन घ्या, पंप पंधरा मिनिटं बंद ठेवा आणि पिपेटने फक्त दोन दाणे टेंटॅकल्सवर सोडा. तोंडात ढकलू नका.

आणि मग बघत बसा, कारण हे बघण्यासारखं असतं. आधी काहीच होत नाही. मग ज्या टेंटॅकलवर दाणा पडला ते किंचित दुमडतं, शेजारची दोन-तीन त्याच्याकडे झुकतात. मिनिटा-दोन मिनिटांनी मधली तबकडी एका बाजूला उचलल्यासारखी होते आणि तोंडाची चीर दाण्याच्या दिशेने सरकते; दाणा तोंडाकडे जात नाही, तोंडच दाण्याकडे येतं. माझ्याकडच्या एका पांढऱ्या बबल टिपला पहिला दाणा गिळायला बावीस मिनिटं लागली होती. मी घड्याळ लावून बसले होते. महिन्याभराने तेच काम तो दोन मिनिटांत करायचा. दाणा नुसता पडून राहिला तर अर्ध्या तासाने काढून घ्या आणि तीन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. घेतला आणि पोटात ठेवला, तर दर तिसऱ्या दिवशी दोन-चार दाणे. तीन आठवडे एकदाही ओकला नाही तर मटाराच्या दाण्याएवढा मऊ तुकडा द्या, त्याहून मोठा कधीच नाही.

आता औषध. माशांचं कुठलंही तांब्याचं औषध किंवा फॉर्मेलिन याच्या जवळही नको. गोड्या पाण्यात बुडवणं म्हणजे मारणं, मीठ-पाण्याबद्दल वर लिहिलंय त्यावरून कारण कळेलच. आयोडीनच्या बुडवण्याने पांढरा ॲनिमोन सुधारलेला मी पाहिलेला नाही. राहिलं सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक. मॅग्निफिका आणि जायगँटिआ या ॲनिमोनच्या दुसऱ्या जाती प्रवासानंतर बहुधा जिवाणूंच्या संसर्गाने ढासळतात. रोज पूर्ण चपटं होणं, पुन्हा फुगणं, तोंड सुटणं, असं चक्र दिवसेंदिवस चालतं, आणि तिथे या प्रतिजैविकाने अनेक पाळणाऱ्यांना फायदा झाला आहे. तो उपचार वेगळ्या टाकीत करायचा, हीटर आणि मंद प्रवाह देऊन. सर्वसाधारण मात्रा 38 लिटरला 250 मिलिग्रॅम, रोज सगळं पाणी बदलून नवी मात्रा, साधारण आठवडाभर, आणि काळोख पडल्यावर, कारण हे औषध उजेडात फुटतं. मुख्य टँकमध्ये ते कधीच घालायचं नाही, तिथले उपयोगी जिवाणू मरतील. जलचरांचा पशुवैद्य मिळत असेल तर त्याला विचारूनच करा, आणि औषधाचं पाणी कुठे टाकायचं तेही त्यालाच विचारा. उगाच वापरलेलं प्रतिजैविक शेवटी सगळ्यांनाच महाग पडतं.

तुमच्या बबल टिपला मी ते आज देणार नाही. त्याचं दुखणं उपासमारीचं दिसतंय, संसर्गाचं नाही. वेगळ्या टाकीत नेण्यासाठी त्याचा धरलेला पाय सोडवावा लागेल, आणि ते नुकसान नक्की आहे. पाच-सहा दिवस शांतता देऊनही तोंड जास्तच सुटत गेलं, रोज पूर्ण चपटा व्हायला लागला, तर पुन्हा लिहा, तेव्हा हा विषय उघडू.

रोज तीन फोटो काढा: दिवे लागल्यावर तासाभराने, दुपारी, आणि दिवे जायच्या आधी. एकाच जागेवरून आणि पांढऱ्या उजेडात. निळ्या उजेडात मरणारा ॲनिमोनही हिरवा-गुलाबी चमकतो आणि आपली फसगत होते. पहिल्या आठवड्यात रंगाकडे बघूच नका, तोंडाकडे बघा. तोंड दिवसाचा बराच वेळ मिटलेलं राहायला लागलं की पहिला टप्पा पार पडला. दुसरा टप्पा म्हणजे घास पोटात राहणं. रंग त्यानंतर, आणि तो फार हळू येतो. माझ्या त्या बावीस मिनिटांवाल्याला पहिली तपकिरी झाक यायला सात आठवडे लागले. सुरुवातीला मला ती टेंटॅकल्सच्या बुडाशी दिसली, दुधात चहाचे चार थेंब पडावेत तशी, आणि मी दिव्याचा दोष समजून काच पुसली होती. पूर्ण रंग भरायला पाच महिने गेले.

तशी झाक तुमच्याकडे दिसली की लगेच टोपली काढू नका. आणखी तीन आठवडे थांबा, मटाराएवढा घास तो नीट पचवतोय ना ते बघा, आणि मग एका संध्याकाळी दिवे मंदावल्यावर टोपली उचला. क्लाउनफिश त्याच मिनिटाला आत शिरतील. तो आकसेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फुलला, तर त्यांना राहू द्या; नाही फुलला, तर टोपली पुन्हा आणखी पंधरा दिवस.